मालक फोन उचलत नाही

भोरमध्ये कुणी विचारलं, काय करतेस, तर मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगते आणि विषय संपवते. पुढं बोलायला गेलं की समोरचा लाईटबिलातली चूक दुरुस्त करून मागतो, नाहीतर मोबाईलचं लॉक काढून द्या म्हणतो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरी बसून जावामध्ये प्रोग्रॅम लिहिते. टाळेबंदीत इकडे आले ती इथंच राहिले. आधी वडील आजारी होते, मग आई एकटी पडली, आणि मग परत जायचाच कंटाळा आला. आता चाळिशी उलटली, पाठ दुखते, आणि एसटी डेपोमागच्या आमच्या दोन खोल्यांत माझं टेबल खिडकीशी असतं. गाड्या मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारतो ती मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जाते. पहिल्यांदा लोक हसायचे. आता कुणी हसतही नाही.

आमच्या कंपनीनं एका दूध संघासाठी जनावरांच्या डॉक्टरांच्या फेऱ्या आखण्याचं काम घेतलं होतं. गाय आजारी पडली की शेतकऱ्यानं गावातल्या दूध केंद्रावर सांगायचं, केंद्रवाल्यानं मोबाईलवर नोंद करायची, आणि डॉक्टरनं कुठल्या गोठ्यावर कधी जायचं ते आमच्या प्रोग्रॅमनं ठरवायचं. हे ठरवणारी मेथड माझ्याकडे आली. मेथड म्हणजे प्रोग्रॅममधला एकेका कामाचा तुकडा, आणि असे नियमांचे तुकडे जिथं राहतात त्याला सर्व्हिस लेयर म्हणतात. वर माणसाला दिसणारा स्क्रीन, खाली माहितीचा साठा, आणि मधे हा थर. वरच्याला खालचं कळत नाही, खालच्याला वरचं कळत नाही, आणि बोलणी सगळी मधल्याला खावी लागतात.

नियम संघाच्या ऑफिसातून आला होता आणि तसा तो वाईट नव्हता. डॉक्टर डोंगर चढून वर जायचे तर गोठ्याला कुलूप, गुरं रानात आणि माणसं लग्नाला. अख्खा दिवस वाया. म्हणून नोंद झाली की प्रोग्रॅमनं आधी गायीच्या मालकाला फोन लावायचा. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सांगणार की अमक्या अमक्यांच्या गायीसाठी डॉक्टर मागवले आहेत, गोठ्यावर असाल तर एक दाबा. एक दाबलं की भेट पक्की. तीनदा फोन लावूनही उत्तर आलं नाही तर भेट रद्द, आणि डॉक्टर पुढच्या गोठ्याकडे.

अशा मेथडची युनिट टेस्ट लिहावी लागते. म्हणजे तो एकच तुकडा बाजूला काढायचा आणि त्याच्याभोवती बाकीचं सगळं खोटं उभं करायचं. खोटा साठा, खोटा फोन, खोटी गाय, खोटा मालक. या खोट्यांना आमच्यात मॉक म्हणतात. मॉकला आधी पढवून ठेवायचं असतं की तुला असं विचारलं तर तू असं सांग. मग मेथड चालवायची आणि तिनं निर्णय बरोबर घेतला का ते बघायचं. घेतला तर स्क्रीनवर हिरवं, चुकला तर लाल. मी लिहिलं, मालक फोन उचलतो, भेट ठरते. हिरवं. मग लिहिलं, मालक फोन उचलत नाही, भेट रद्द होते. तेही हिरवं. बारीकसारीक आणखी पुष्कळ लिहिल्या, सगळ्या हिरव्या. काम संपल्याचा आनंद वगैरे मला आताशा होत नाही. लॅपटॉप मिटला आणि आईला म्हटलं, भाकरी टाक.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, वेल्ह्याच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीवर राहते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात ती आणि गोठ्यात तांबडी जरशी गाय. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी तिच्याकडे गेले. भोरहून कापूरहोळ, तिथं हायवेला उभं राहून मिळेल त्या गाडीनं नसरापूर फाटा, पुढं वेल्ह्याची एसटी, आणि उरलेलं चालत. वाडीवर पोचेपर्यंत मी मेटाकुटीला आले होते. ती गोठ्यातच होती. पाणी दे म्हणायच्या आधी तिनं मला गाय दाखवली.

"बघ कशी झालीया. पोट कसं उतरलंय बघ. आन डाक्टर काय येत न्हाईत."

"नोंद केलीस का केंद्रावर?"

"केली की. दोन बारी केली. येत्याल म्हणत्यात आन येत न्हाईत. मला लई भ्या वाटतंय बाय."

गाय गाभण होती आणि भ्यायला कारण होतं. मागच्या वेताला ही गाय अडली होती. तेव्हा डॉक्टर पोचेपर्यंत दिवस कलला, वासरू आतल्या आत गेलं, आणि गायही जाता जाता राहिली. पुढच्या खेपेला मधेच एकदा तपासून घ्या आणि कळा सुरू झाल्या की लगेच सांगा, उशीर झाला तर गाय हाती लागायची नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आत्या ते अक्षरशः पाळत होती. दोन वेळा डोंगर उतरून केंद्रावर गेली होती.

"ही गेली ना," ती म्हणाली, "तर म्या सकाळी उठून जायाचं कुठं?"

सकाळी उठून ती आधी गोठ्यात जाते, मग चूल. गेली कित्येक वर्षं तिचा दिवस तसाच उजाडतो.

गोठ्यामागच्या दरडीवर थोडी रेंज येते. तिथं उभी राहून मी मोबाईलवर नोंद उघडली. दोन्ही भेटी रद्द. कारणाच्या जागी लिहिलं होतं, मालक संपर्काबाहेर. ते शब्द मीच प्रोग्रॅममध्ये घातले होते. खाली मालकाचं नाव होतं, पूर्ण, तीन शब्दांचं. माझ्या वडिलांचं.

वडिलांना जाऊन तेव्हा दीडेक वर्ष होत आलं होतं. दरडीवर उभी राहून मी ते नाव वाचत राहिले. आमच्या प्रोग्रॅमनं त्यांना फोन लावला होता. उत्तर आलं नाही म्हणून परत लावला होता. मला रडू आलं नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. पायऱ्या चढताना अजून एक जिना आहे हे दिसावं, तसं.

खाली येऊन मी आत्याला विचारलं, "गाय दादांच्या नावावर कशी?"

"मग कुणाच्या असंल? दादाचीच हाय ती."

ही गोष्ट मला माहीत होती आणि तरी कधी डोक्यात आली नव्हती. आमच्या डोंगरात गाय वाट्यानं देतात. गाय एकाची, सांभाळणारा दुसरा. दूध सांभाळणाऱ्याचं, शेणखत त्याचं, आणि वासरं आलटून पालटून, एक त्याचं, एक मालकाचं. आत्याचे यजमान गेले तेव्हा वडिलांनी आंबवड्याहून एक गाय आणून तिच्या दावणीला बांधली. नुसती दिली असती तर तिनं घेतली नसती, एवढी ती मानी आहे. म्हणून वाट्यानं दिली. पहिलं वासरू आत्याचं झालं. दुसरं आमचं, ती ही तांबडी. वडील वर जायचे, कालवडीच्या पाठीवर थाप मारायचे, चहा प्यायचे आणि "राहू दे, अजून लहान आहे" म्हणून परत यायचे. कालवड गाय झाली तरी ती त्यांच्या लेखी लहानच होती. कुणालाही फसवायला त्यांना जमत नसे, पण बहिणीला त्यांनी असं वर्षानुवर्षं फसवलं. तिला ते कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मग एक दिवस कानाला बिल्ला मारणारा माणूस वाडीवर आला. त्यानं विचारलं, मालक कोण?

"माझी हाय असं कसं सांगू?" आत्या म्हणाली. "दादाच्या वाट्याची ती. त्याचं नाव सांगितलं, त्याचा मोबाईल लंबर सांगितला. खोटं कशाला बोलायचं?"

बिल्ल्याच्या त्या नोंदी संघानं जशाच्या तशा उचलून आम्हाला दिल्या होत्या. आणि मी लिहिलं होतं, गाईला एक मालक, तो गोठ्यावर राहतो, त्याच्या खिशात फोन असतो. मी लहानपणापासून हा गोठा बघत आले आहे. तरी टेस्टमधला मालक बनवताना मला तो पुण्यातल्या सोसायटीतला कुत्रा पाळणारा गृहस्थ वाटला असावा. स्वतःचा राग आला, संघाचा आला, आणि खरं सांगायचं तर आत्याचाही थोडा आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी कामाला लागले. पहिला उपाय सोपा होता, नुसता नंबर बदलायचा. संघाच्या मदत केंद्राला फोन लावला.

"जुन्या नंबरवर एक ओटीपी आलाय, तो सांगा."

"तो नंबर बंद आहे. रिचार्ज केला नव्हता."

"मग मालकांना आमच्याशी बोलायला सांगा, मॅडम."

मी फोन ठेवून दिला. वडिलांचा मोबाईल कपाटात आईच्या साड्यांखाली होता. तो तिथं आहे हे आम्हा दोघींनाही माहीत होतं आणि आम्ही त्याबद्दल बोलत नसू.

दुसरा उपाय, गाय आत्याच्या नावावर करायची. आई लगेच म्हणाली, "कर की. कधीची तिचीच आहे." वारस म्हणून आम्ही दोघींनी सह्या केल्या असत्या तरी संघाची मंजुरी यायला महिने लागणार होते. पण आधी आत्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं. फोनवर तिच्या वाडीवरचा वारा ऐकू येत होता.

"माझ्या नावावर केलीस," ती म्हणाली, "तर दादाचं हितं काय ऱ्हायलं?"

मी कागद बाजूला ठेवले. पुन्हा तो विषय काढला नाही.

तिसरा उपाय, डॉक्टर. वेल्ह्याच्या बाजूला एकच डॉक्टर फिरतात, मोटारसायकलवरून, मानेला सदा मफलर. त्यांना फोन केला. भला माणूस, सवड काढून वाडीवर गेले, गाय तपासली. वासरू मोठं आहे म्हणाले.

"पण अडल्या वेळेचं मी तुम्हाला वचन देत नाही," त्यांनी मला सांगितलं. "माझी फेरी तुमचं ॲप आखतं. त्याबाहेर गेलो तर दुसऱ्या कुणाची तरी गाय तशीच राहते, आणि वर मलाच जाब विचारतात. भेट ॲपमधून येऊ द्या. आली की मी पोचतो."

"ॲप मालकाला फोन लावतं."

"लावतं हो. आणि इथं मालक एकीकडं, गाय दुसरीकडं, असं घरोघर आहे. माझ्या रोज भेटी रद्द होतात." त्यांचा आवाज माझ्याइतकाच दमलेला होता.

म्हणजे गाय विण्याच्या आत मेथड बदलायला हवी होती. संक्रांतीनंतर कधीही, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या कंपनीत एखादा नियम बदलायचा म्हणजे आधी आमचा टीम लीड, मग मॅनेजर, मग संघाचे अधिकारी. अर्ज विनंत्या करत बसले तर तांबडीचं वासरू आजी झालं असतं.

मी मेथडला हात लावला नाही. फक्त एक टेस्ट लिहिली. त्यात दोन माणसं उभी केली, एक मालक आणि एक सांभाळणारी. सांभाळणारीला पढवलं, फोन आला की उचल. मालकाला पढवलं, फोन आला तरी उचलू नकोस. ही दुसरी ओळ मी आधीच्या टेस्टमध्येही लिहिली होती, हसत खेळत, चहा पीत पीत. या वेळी ती लिहिताना हात थांबला. खोटा मालक खोटा राहिला नव्हता. मी खिडकीबाहेर बघितलं, स्वारगेटची गाडी लागत होती, एक बाई कंडक्टरशी हुज्जत घालत होती. मग मी ती ओळ पूर्ण केली. शेवटी लिहिलं, भेट झालीच पाहिजे. चालवली. लाल.

लाल टेस्ट स्वतःच्या मशीनवर ठेवायची असते. ती सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये टाकली की सगळं जोडून तयार होणारं बिल्ड लाल होतं आणि सगळ्या टीमचं काम अडतं. आमच्यात तो मोठा असभ्यपणा समजतात, पंगतीत उष्टा हात भातात घालावा तसा. मी तो जाणूनबुजून केला आणि भांडी घासायला गेले.

लीडचा फोन आलाच. तो माझ्याहून बराच लहान आहे, हुशार आहे, आणि मला मॅडम म्हणतो.

"मॅडम, बिल्ड लाल झालंय. तुमची टेस्ट फेल होतेय."

"माहीत आहे."

"मग काढा ना. सगळे खोळंबलेत."

"टेस्ट बरोबर आहे. मेथड चुकते आहे."

"मेथड संघानं सांगितल्याप्रमाणे आहे. आणि आधीच्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या."

"त्यातला मालक मी बनवलेला होता. मी शिकवलं तेच तो बोलणार. हिरव्याच असणार."

मग मी त्याला वाट्याची गाय समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पण मॅडम, ही एज केस झाली. अशा गायी असून असून किती असणार?"

एज केस म्हणजे क्वचित कधीतरी कडेला घडणारी गोष्ट. मला एकदम संताप आला. आमचं सगळंच कडेला असतं. रस्ता कडेला, रेंज कडेला, माणसं कडेला.

"किती आहेत ते डॉक्टरना विचार," मी म्हटलं. "त्यातली एक माझ्या आत्याच्या गोठ्यात आहे. तिचा मालक म्हणजे माझे वडील. ते आता फोन उचलणार नाहीत. आणि गाय अडली तर तुझं हिरवं बिल्ड घेऊन मी काय करू?"

मला वाटलं फोन कट झाला.

"आमच्या गावी शेळ्या देतात अशा," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "माझ्या आजीनं मावशीला दिलेल्या. शेळ्या कुणाच्या विचारलं की दोघी एकमेकींचं नाव सांगायच्या." मग म्हणाला, "टेस्ट राहू द्या. मी वर बोलतो."

यापुढचं सगळं कंटाळवाणं आहे आणि मी ते पूर्ण सांगत नाही. मीटिंगा झाल्या. संघाचे एक अधिकारी कॅमेरा बंद ठेवून "सिस्टीममध्ये मालक एकच असतो" हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. लीड त्यांना शेळ्यांची गोष्ट सांगत राहिला. तिळगूळ वाटून झाला. आत्याला मी रोज फोन करायचे आणि ती रोज म्हणायची, "न्हाई अजून." मला झोप लागत नव्हती, आणि एका गायीपायी झोप उडाली हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शेवटी एकदाची परवानगी आली. मालकाच्या खाली आणखी एक जागा झाली, सांभाळणारा. मालकानं फोन उचलला नाही तर तिसऱ्या खेपेनंतर भेट रद्द करायची नाही, सांभाळणाऱ्याला फोन लावायचा, त्यालाही तीनदा. मी मेथड बदलली. टेस्ट चालवली. हिरवी झाली. टीममधल्या कुणीतरी ग्रुपवर गायीचं चित्र टाकलं.

केंद्रवाल्यानं आत्याला विचारलं, सांभाळतं कोण? ती म्हणाली, म्या. तेवढं मात्र तिनं स्वतःचं नाव लावलं.

त्यानंतर आठवडाभरात, दुपारी, आई पापड वाळत घालत होती आणि मी जेवायला उठणार होते, तेव्हा स्क्रीनवर तांबडीची नोंद आली. कळा सुरू. वाडीवरच्या शेजाऱ्यानं धावत जाऊन केंद्रावर सांगितलं होतं. मी उठलेली परत बसले. मेथड आपलं काम करायला लागली. मालकाला फोन, उत्तर नाही. पुन्हा, उत्तर नाही. पुन्हा, उत्तर नाही. हे मला माहीत होतं तरी वाचवेना. मग सांभाळणाऱ्याला फोन.

फोन उचलला. एक दाबलं नाही.

मला वाटलं, गडबडीत राहिलं असेल. दुसऱ्यांदा फोन गेला. उचलला. रेकॉर्डमधली बाई बोलली, तिचं बोलणं संपलं. एक दाबलं नाही. मी माझ्या मोबाईलवरून आत्याला लावला तर व्यस्त. आता एक खेप उरली होती. तीही अशीच गेली तर नियमाप्रमाणे भेट रद्द, आणि तो नियम मीच लिहिला होता, मीच तपासला होता, मीच हिरवा केला होता. "आत्या, दाब," मी मोठ्यानं म्हणाले. आई पापड टाकून आत आली.

तिसरा फोन. उचलला. वेळ जाता जाईना. मग ओळ आली, एक दाबले. भेट पक्की. डॉक्टरांचं नाव, पोचण्याची अंदाजे वेळ. मी टेबलावर डोकं टेकलं. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. पाठ तिथंच दुखत होती.

दिवस मावळायच्या आत आत्याचा फोन आला. दरडीवरून बोलत होती, धाप लागली होती. "सुटली बाय. लई वढावं लागलं. डाक्टर येळंला आलं म्हणून. कालवड हाय. दोघी बऱ्या हाईत."

रविवारी मी वर गेले. तेच कापूरहोळ, तोच फाटा, तीच चढण. या वेळी पाणी आधी मिळालं. कालवड आईसारखीच तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, पाय अजून आपापल्या दिशेनं जाणारे. आत्यानं खरवस केला होता. वाटीत वाढता वाढता म्हणाली, "मागचं वासरू माझ्या वाट्याचं व्हतं, ते गेलं. ही दादाची. बिल्लावाला आला की त्येचंच नाव सांगणार म्या. आदीच सांगून ठेवते."

मी हो म्हटलं. वाद घालायची ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती. मग मला राहवेना.

"आत्या, त्या दिवशी फोन आला तेव्हा एक का दाबलं नाहीस? दोन्ही वेळा? मला तिकडे घाम फुटला होता. गाय ओरडत असेल ना?"

ती कालवडीकडे बघत होती.

"वरडत व्हती की. म्या दरडीवर फोन घिऊन हुबी, पर ध्यान व्हतं तिच्याकडं." मग म्हणाली, "ती फोनातली बाई दादाचं नाव घेती. सगळं, बापाच्या नावासकट. फलान्या फलान्यांच्या गाईसाठी, म्हणती. मला वाटलं पुन्यांदा घेती का बघावं. पुन्यांदा घेतलं तिनं. मग तिसऱ्यांदा दाबलं." पदरानं तिनं वाटीचा काठ पुसला. "आता कोण घेतंय सांग त्याचं नाव? तुमी पोरं दादा म्हणता, म्या दादा म्हणते, तुझी आई तर घेतच नव्हती. अख्खं नाव घेणारी तेवढी योक बाई उरली."

मी खरवस खात राहिले. तो गोड होता की नाही ते मला आठवत नाही. दीड वर्षात मी वडिलांसाठी रडले नव्हते, कामं होती, कागद होते, आईचं बघायचं होतं. त्या गोठ्यात, शेणाच्या वासात, मी वाटी खाली ठेवली आणि रडले. आत्यानं रडू दिलं. कालवड येऊन माझी ओढणी चाटायला लागली.

सोमवारी मी लॅपटॉप उघडला आणि आणखी एक टेस्ट लिहिली. मालक फोन उचलत नाही. सांभाळणारी फोन उचलते, पण काहीच दाबत नाही. भेट रद्द होता कामा नये. चालवली, लाल. मेथड दुरुस्त केली, हिरवी. आमच्यात प्रत्येक बदलाबरोबर त्याचं कारण लिहावं लागतं, एका ओळीत, म्हणजे उद्या कुणी बघितलं तर त्याला कळावं की हे असं का केलंय. लीड कारण वाचल्याशिवाय काही मंजूर करत नाही आणि न पटलेल्या कारणावर दहा प्रश्न विचारतो.

कारणाच्या जागी मी लिहिलं, माणूस ऐकत असेल.

त्यानं काही न विचारता मंजूर केलं.